खाचरं लहानमोठी असताना प्रयोग कसा मांडायचा: असमान ब्लॉकची आखणी आणि आकडेमोड

कोकणात डोंगरउतारावरच्या भातखाचरांत वाणांची तुलना करायची म्हटली की पाठ्यपुस्तकातला आराखडा पहिल्याच बांधावर अडतो. चार वाण, पाच पुनरावृत्त्या, म्हणजे चार-चार प्लॉटचे (एका वाणाचा एक तुकडा तो प्लॉट) पाच सारखे ब्लॉक (एकसारख्या परिस्थितीतल्या प्लॉटचे गट). कागदावर ठीक आहे. जागेवर मात्र एका खाचरात चार प्लॉट बसतात आणि वरच्या अरुंद खाचरात जेमतेम दोन. खाचर हाच खरा ब्लॉक असतो. एका बांधाच्या आत माती, पाणी आणि चिखलणी बऱ्यापैकी सारखी असते, बांध ओलांडला की सगळं बदलतं.

ही अडचण शेतापुरती नाही. शेळीला एका वेताला कधी एक, कधी दोन, कधी तीन करडं होतात आणि चाऱ्याच्या प्रयोगात एक वेत म्हणजे एक ब्लॉक. प्रयोगशाळेत यंत्रावर एका दिवशी सहा नमुने होतात, दुसऱ्या दिवशी चार. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग या फळसंशोधन केंद्रात काम केलेल्या एस. सी. पिअर्स यांनी १९६४ साली नेमका हाच विषय मांडला होता: ब्लॉकचा आकार निसर्ग ठरवत असेल तर तो तसाच घ्यावा आणि आराखडा त्याला जुळवावा. हा लेख त्याच वाटेने जातो. उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे: चार भातवाण (अ हा स्थानिक तुलनेचा वाण, आणि ब, क, ड), दोन मोठी खाचरं आणि सहा लहान. उत्पादनाचे आकडे पद्धत समजावण्यासाठी रचलेले आहेत, ते कुठल्या प्रत्यक्ष चाचणीचे नाहीत.

आधी ठरवा: असमान ब्लॉक खरंच हवेत का?

पळवाटा तीन सुचतात. पहिली, दोन लहान खाचरं जोडून चार प्लॉटचा एक ब्लॉक करणं. यात दोन खाचरांमधला फरक ब्लॉकच्या आत शिरतो आणि तिथून थेट एररमध्ये (वाण आणि ब्लॉक बाजूला काढल्यावर उरणाऱ्या चढउतारात) जातो. दुसरी, मोठ्या खाचराचे दोन तुकडे करून सगळे ब्लॉक दोन-दोनचे करणं. दिसायला नीटनेटकं, पण वाढलेला प्रत्येक ब्लॉक एक डिग्री ऑफ फ्रीडम (डीएफ, म्हणजे तुलनेसाठी हाती असलेल्या स्वतंत्र माहितीचा एक घटक) खातो. वीस प्लॉट आठ ब्लॉकमध्ये असतील तर ब्लॉकच्या आतल्या तुलनांना २० − ८ = १२ डीएफ उरतात, दहा ब्लॉक केले तर १०. तिसरी, सर्वांत लहान खाचरात बसतील तेवढेच वाण घेणं. मग प्रयोगच बदलला.

यांतली पहिली पळवाट कधीकधी योग्यही ठरते. आपल्या उदाहरणात प्रत्येक वाण पाचदा येतो. पूर्ण ब्लॉकमध्ये हेच झालं असतं तर दोन वाणांच्या फरकाचं व्हेरिअन्स (पसाऱ्याचं माप, जितकं लहान तितकी अचूकता जास्त) एरर व्हेरिअन्सच्या २/५ पट आलं असतं. आपल्या असमान मांडणीत ते २/४ पट येतं, म्हणजे कार्यक्षमता ०.८०. खाचरं जोडल्याने एरर व्हेरिअन्स सव्वापटीपेक्षा कमी वाढणार असेल तर सरळ जोडा आणि साधा आराखडा वापरा. उतारावरच्या खाचरांत एवढं नशीब सहसा नसतं. सपाट, एकाच कालव्यावरच्या शेतात असू शकतं.

प्लॉटचा आकार एकच, ब्लॉकचा वेगळा

ब्लॉक लहानमोठा असू शकतो, प्लॉट नाही. लहान खाचर आहे म्हणून त्यातले प्लॉटही लहान केले तर एरर व्हेरिअन्स ब्लॉकगणिक बदलतं आणि पुढचा सगळा हिशेब लंगडा होतो. निव्वळ प्लॉट ५ × ४ मीटर धरू. ओळींत आणि चुडांत २० सेंमी अंतर ठेवलं तर त्यात २० ओळी आणि प्रत्येक ओळीत २५ चुडं, म्हणजे ५०० चुडं येतात. चारही बाजूंनी दोन-दोन ओळी कडेच्या सोडायच्या, त्यामुळे स्थूल प्लॉट ५.८ × ४.८ मीटर होतो. खाचरात किती प्लॉट बसतात हे स्थूल मापाने मोजा, निव्वळ मापाने नाही. २० चौरस मीटरच्या प्लॉटवर १ किलो म्हणजे हेक्टरी ५ क्विंटल, हे गणित डोक्यात असू द्या.

उतार कापून केलेल्या खाचरात डोंगराकडची बाजू खोदलेली असते, तिथे खालचा निकस थर उघडा पडतो. बांधाकडची बाजू भरावाची, माती खोल. म्हणून प्लॉटची लांब बाजू डोंगराकडून बांधाकडे जाईल अशी आखा, म्हणजे प्रत्येक प्लॉटला दोन्ही प्रकारची माती सारखी मिळते. प्लॉट आडवे टाकले तर एक वाण खोल मातीत आणि दुसरा निकस मातीत जातो आणि दोनच्या ब्लॉकमध्ये हा फरक वाणाच्या फरकापासून वेगळा काढता येत नाही. वाणांऐवजी खतांची तुलना असेल तर आणखी एक अडचण: वरच्या खाचरातलं पाणी खाली उतरताना नत्र सोबत नेतं. तिथे प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र बांध आणि स्वतंत्र पाण्याची वाट लागते.

कोणता वाण कुठे: जोड्यांचा हिशेब

इथेच बहुतेक नवखे फसतात. सारख्या आकाराच्या ब्लॉकमध्ये सोपा नियम आहे: कुठलेही दोन वाण एकाच ब्लॉकमध्ये जितक्यांदा एकत्र येतात ती संख्या सगळ्या जोड्यांसाठी सारखी ठेवा. ब्लॉक असमान झाले की हा नियम पुरत नाही. प्रत्येक भेटीला १ भागिले ब्लॉकचा आकार एवढं वजन द्यायचं आणि त्या वजनांची बेरीज सारखी करायची. दोनच्या ब्लॉकमधली भेट १/२, चारच्या ब्लॉकमधली १/४.

नुसती मोजणी कशी फसवते ते पाहा. ब्लॉक चार घ्या: (अ ब क), (अ ड), (ब ड), (क ड). प्रत्येक जोडी बरोबर एकदाच भेटते, म्हणून मांडणी संतुलित वाटते. पण अ–ब च्या भेटीचं वजन १/३ आणि अ–ड चं १/२. हिशेब केला तर अ–ब फरकाचं व्हेरिअन्स एरर व्हेरिअन्सच्या १.३३ पट येतं आणि अ–ड चं १.११ पट. काही तुलना मुद्दाम जास्त अचूक हव्या असतील तर हे चालेल, नकळत झालं असेल तर नाही.

आपली मांडणी अशी:

खाचर १ आणि २ (चार प्लॉट): अ ब क ड
खाचर ३: अ ब
खाचर ४: अ क
खाचर ५: अ ड
खाचर ६: ब क
खाचर ७: ब ड
खाचर ८: क ड

कुठलीही जोडी घ्या. दोन मोठ्या खाचरांत भेट, वजन १/४ + १/४, आणि एका लहान खाचरात भेट, वजन १/२. बेरीज १. सहाही जोड्यांना तीच, म्हणून सहाही फरक सारख्याच अचूकतेने मिळतील. शिवाय प्रत्येक वाण मोठ्या खाचरांत दोनदा आणि लहान खाचरांत तीनदा येतो. याचा उपयोग पुढे आहे: लहान खाचरं बहुधा वर, पातळ मातीत असतात आणि एखादा वाण त्यांतच जास्त गेला तर आकार आणि वाण यांची गल्लत होते.

जागेवर असं तंतोतंत संतुलन दर वेळी जमत नाही आणि त्याचा हट्टही धरू नये. वजनांच्या बेरजा जवळपास असल्या तरी चालतं. ज्यात तडजोड नाही ती गोष्ट म्हणजे जोडणी. कागदावर प्रत्येक वाणाचा ठिपका काढा, एकत्र भेटणाऱ्या वाणांना रेघेने जोडा. कुठल्याही ठिपक्यावरून कुठल्याही ठिपक्याकडे रेघांवरून जाता आलं पाहिजे. लहान खाचरांत (अ ब), (अ ब), (क ड), (क ड) असं टाकलं आणि मोठं खाचर नसलं तर अ आणि क यांची तुलना खाचरांच्या तुलनेत अडकली. कितीही पुनरावृत्त्या केल्या तरी ती सुटत नाही.

पेरणीआधीचा शेवटचा तपास एररच्या डीएफचा: प्लॉट − ब्लॉक − वाण + १. आपल्याकडे २० − ८ − ४ + १ = ९. हे काठावर आहे. आणखी एक मोठं खाचर मिळालं तर २४ − ९ − ४ + १ = १२ होतात आणि फरकाचं व्हेरिअन्स ०.५० पटीवरून ०.४० पटीवर येतं. मिळत असेल तर घ्याच. चार प्लॉटची मजुरी वाढते, पण निष्कर्ष बराच घट्ट होतो.

चिठ्ठ्या तीनदा टाका

रँडमायझेशन म्हणजे ब्लॉकच्या आत वाण उलटसुलट करणं, एवढंच धरलं जातं. असमान ब्लॉकमध्ये तीन पायऱ्या आहेत. आधी कागदावरची अक्षरं प्रत्यक्ष वाणांना चिठ्ठीने द्या. मग सारख्या आकाराच्या खाचरांमध्ये कुठलं खाचर आराखड्यातलं कितवं हे चिठ्ठीने ठरवा: सहा लहान खाचरं आपसांत, दोन मोठी आपसांत. शेवटी प्रत्येक खाचरात कुठला वाण कुठल्या प्लॉटमध्ये, हे दर खाचराला नव्याने. मधली पायरी हमखास गाळली जाते, कारण घराजवळच्या चांगल्या खाचरात आपला आवडता वाण जावा असं कुणालाही वाटतं.

नोंदवही

एक प्लॉट, एक ओळ. रकाने: खाचर, खाचराचा आकार, प्लॉट क्रमांक, वाण, ओलं वजन, ओलाव्याची टक्केवारी, आणि शेरा. वजन १४ टक्के ओलाव्यावर आणा: वजन × (१०० − ओलावा) ÷ ८६. गेलेल्या प्लॉटची जागा रिकामी ठेवा. तिथे शून्य लिहिलंत तर सॉफ्टवेअर ते खरं उत्पादन समजतं.

एकदा हाताने

सॉफ्टवेअर काय करतं हे कळायला एकदा हाताने करून बघावं. या उदाहरणात ते तासाभराचं काम आहे. प्लॉटमागे किलो:

१: अ ७.९, ब ७.८, क ९.०, ड ९.३. सरासरी ८.५
२: अ ६.९, ब ८.४, क ७.७, ड ९.०. सरासरी ८.०
३: अ ५.२, ब ६.६. सरासरी ५.९
४: अ ६.४, क ७.०. सरासरी ६.७
५: अ ६.३, ड ८.५. सरासरी ७.४
६: ब ६.५, क ५.९. सरासरी ६.२
७: ब ८.६, ड ९.६. सरासरी ९.१
८: क ९.९, ड ९.५. सरासरी ९.७

वाणांच्या बेरजा: अ ३२.७, ब ३७.९, क ३९.५, ड ४५.९. एकूण १५६.०, सर्वसाधारण सरासरी ७.८०. पाचने भागलं तर कच्च्या सरासऱ्या अ ६.५४, ब ७.५८, क ७.९०, ड ९.१८. ड हा क च्या १.२८ किलो पुढे, हेक्टरी ६.४ क्विंटल. इथेच थांबून अहवाल लिहिण्याचा मोह होतो. पण ड कुठल्या लहान खाचरांत होता ते बघा: ५, ७ आणि ८. यांतली ७ आणि ८ सर्वांत कसदार निघाली.

आता दुरुस्ती. प्रत्येक वाणाच्या बेरजेतून तो ज्या खाचरांत होता त्यांच्या सरासऱ्या वजा करा.

अ: ३२.७ − (८.५ + ८.० + ५.९ + ६.७ + ७.४) = −३.८
ब: ३७.९ − ३७.७ = ०.२
क: ३९.५ − ३९.१ = ०.४
ड: ४५.९ − ४२.७ = ३.२

चारींची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका, बेरजेत चूक आहे. या चार आकड्यांना भाजक लागतो तो वाणांची संख्या गुणिले जोडीच्या वजनांची बेरीज: ४ × १ = ४. म्हणून वाणांचे परिणाम अ −०.९५, ब ०.०५, क ०.१०, ड ०.८०. मांडणी संतुलित असल्यामुळेच असं एका भाजकावर काम भागतं. नसती तर चार समीकरणं एकत्र सोडवावी लागली असती. ७.८० मिळवले की दुरुस्त सरासऱ्या: अ ६.८५, ब ७.८५, क ७.९०, ड ८.६०. ड आणि क मधला फरक १.२८ वरून ०.७० वर आला. उरलेलं श्रेय खाचरांचं होतं.

वर्गांच्या बेरजा (एकूण चढउताराची कुणाच्या वाट्याला किती अशी विभागणी): एकूण ३६.३४ (१९ डीएफ), ब्लॉक २७.८० (७ डीएफ), ब्लॉकची दुरुस्ती केल्यानंतरचे वाण ६.२२ (३ डीएफ). उरलेला एरर २.३२, ९ डीएफ, म्हणजे एरर व्हेरिअन्स ०.२५८. सीव्ही (एरर व्हेरिअन्सचं वर्गमूळ, सरासरीच्या टक्क्यांत) ६.५ टक्के. एफ (वाणांची वर्गबेरीज भागिले तिचे डीएफ, त्याला एरर व्हेरिअन्सने भागून) = २.०७३ ÷ ०.२५८ = ८.०४. कोष्टकातला ३ आणि ९ डीएफचा आकडा ५ टक्क्यांना ३.८६ आणि १ टक्क्याला ६.९९, म्हणजे वाणांत फरक आहे.

फरकाची स्टँडर्ड एरर (त्याच्या अनिश्चिततेचं माप) म्हणजे ०.२५८ च्या निम्म्याचं वर्गमूळ, ०.३५९. ९ डीएफला कोष्टकातला ५ टक्क्यांचा टी २.२६२, म्हणून सीडी (क्रिटिकल डिफरन्स, याहून मोठा फरकच खरा धरायचा) ०.८१ किलो. ब, क, ड हे तिन्ही अ पेक्षा सरस ठरतात. पण ड आणि क यांतला ०.७० आणि ड आणि ब यांतला ०.७५ हे दोन्ही सीडीच्या आत आहेत. सहाही जोड्या तपासायच्या असतील तर सीडी ढिली पडते, टुकीची पट्टी (सगळ्या जोड्या एकदम तपासण्यासाठीची कडक मर्यादा) वापरा. ती इथे १.१२ येते आणि मग अ–ड हा एकच फरक उरतो. कोणती पट्टी लावणार हे आकडे बघायच्या आधी ठरलेलं असावं.

संगणकावर

आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये एलएम (lm) फंक्शनला उत्पादन ~ खाचर + वाण हे सूत्र द्या. क्रम महत्त्वाचा, आधी खाचर, मग वाण. आरचं साधं अनोव्हा (वर्गबेरजांच्या विभागणीचं) कोष्टक क्रमाने चालतं, ज्याचं नाव आधी तो जास्त घेऊन जातो. वाण आधी लिहिला तर त्याच आकड्यांवर वाणांची वर्गबेरीज ६.२२ ऐवजी १७.७५ आणि एफ ८.०४ ऐवजी २२.९६ दिसतो. सारख्या पूर्ण ब्लॉकमध्ये क्रमाने काही फरक पडत नाही, म्हणून ही सवय कुणाला लागलेलीच नसते.

खाचर क्रमांक १ ते ८ असे लिहिले असतील तर ते फॅक्टर (आकडे नव्हे, गटांची नावं) करून घ्या. नाहीतर आर त्यांना मोजमाप समजतो आणि त्यातून सरळ रेघ ओढतो. ओळखायची खूण सोपी: कोष्टकात खाचराचे डीएफ ७ हवेत, १ दिसला तर हेच झालंय. वाणाच्या एखाद्या गुणकाजागी एनए (NA, म्हणजे उत्तर काढता आलं नाही) आला तर जोडणी तुटलेली आहे, आराखड्याकडे परत जा.

दुरुस्त सरासऱ्यांसाठी आरचं एमीन्स (emmeans) पॅकेज वापरलं की एक गंमत होते. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आठही खाचरांना सारखं वजन मिळतं, मग त्यात चार प्लॉट असोत की दोन. त्यामुळे सरासऱ्या ७.८० ऐवजी ७.६९ भोवती येतात: ड ८.६० ऐवजी ८.४९, आणि बाकीचेही तेवढेच खाली. फरक मात्र तेच राहतात. प्लॉटच्या प्रमाणात वजन हवं असेल तर वेट्सला प्रपोर्शनल सांगा आणि कुठलं वजन वापरलं ते अहवालात एका ओळीत लिहा. दोन जणांचे आकडे दशांश चिन्हानंतर जुळत नाहीत म्हणून झालेले वाद बहुतेक इथलेच असतात.

उरलेल्या एररची तपासणी

दोनच्या ब्लॉकमध्ये एका प्लॉटचा रेसिड्यूअल (प्रत्यक्ष आकडा वजा खाचर आणि वाणावरून निघणारा अंदाज) +०.२ आला तर दुसऱ्याचा −०.२ येणारच, कारण ब्लॉकच्या आत त्यांची बेरीज शून्य असते. आलेखात दिसणारी ही आरशासारखी सममिती आराखड्यातून येते, त्यातून निष्कर्ष काढू नका. दुसरं, लहान ब्लॉकमधले रेसिड्यूअल मुळातच लहान असतात. आपल्या मांडणीत दोनच्या खाचरात त्यांचं व्हेरिअन्स एरर व्हेरिअन्सच्या ०.३७५ पट आणि चारच्या खाचरात ०.५६२५ पट. कच्चे रेसिड्यूअल पाहून मोठ्या खाचरात एरर जास्त आहे असं म्हणाल तर ते चुकीचं ठरेल. स्टँडर्डाइज केलेले (आपापल्या अपेक्षित पसाऱ्याने भागलेले) घ्या, मग आकारानुसार तुलना करा. त्यानंतरही मोठ्या खाचरांत पसारा जास्त दिसला तर शक्यता खरी आहे: मोठ्या खाचरात प्लॉट एकमेकांपासून लांब असतात आणि माती बदलते.

ब्लॉक फिक्स्ड की रँडम

वरची सगळी आकडेमोड खाचराच्या आतल्या तुलनांवर उभी आहे, म्हणजे प्रत्येक खाचराचा परिणाम ठरावीक (फिक्स्ड) धरला आहे. खाचराखाचरांमधल्या फरकातही वाणांबद्दल थोडी माहिती असते. ती कशी मिळवायची हे एफ. येट्स यांनी १९४० मध्ये संतुलित अपूर्ण ब्लॉकसाठी (ज्यांत सगळे वाण बसत नाहीत असे सारख्या आकाराचे ब्लॉक) दाखवलं. असमान ब्लॉकसाठी हाच प्रश्न एच. डी. पॅटरसन आणि आर. थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये सोडवला आणि त्यातून रेमल (REML) ही व्हेरिअन्सचे अंदाज काढायची पद्धत जन्मली. आज पशुपैदाशीपासून वैद्यकीय चाचण्यांपर्यंत जी रोज वापरली जाते, तिच्या मूळ लेखाच्या शीर्षकातच ब्लॉकचे असमान आकार आहेत.

आरच्या एलएमई४ (lme4) पॅकेजमध्ये खाचर रँडम (अनेक खाचरांतून योगायोगाने आलेलं) धरलं तर आपल्या उदाहरणात ड–क फरक ०.७० वरून ०.७५ ते ०.८० च्या दरम्यान सरकतो आणि अचूकता दोन-तीन टक्क्यांनी वाढते. एवढ्यासाठी जिवाचा आटापिटा नको. खाचरांमधला फरक एररच्या मानाने मोठा असला की फायदा असाच किरकोळ राहतो. फरक मध्यम, ब्लॉक भरपूर आणि लहान असले की तो मोठा होतो. ब्लॉक पाच-सहाच असतील तर त्यांचं व्हेरिअन्स नीट काढताच येत नाही, फिक्स्ड ठेवा. रँडम धरलंत तर डीएफसाठी केनवर्ड–रॉजर दुरुस्ती लावा. आणि लक्षात ठेवा, जोडणी तुटलेल्या आराखड्यावर एलएम निदान एनए दाखवतं. रँडम मॉडेल मात्र खाचरांमधल्या माहितीवर उत्तर देऊन मोकळं होतं, कसलाही इशारा न देता.

वाण चारऐवजी तेवीस असतील तर

हाताने जोड्या लावणं इथे शक्य नाही. पॅटरसन आणि ई. आर. विल्यम्स यांचे १९७६ चे अल्फा आराखडे वापरा. २३ वाण पाच ब्लॉकमध्ये बसवायचे तर २५ चा आराखडा घ्या, त्यात प्रत्येक पुनरावृत्तीत पाच-पाचचे पाच ब्लॉक असतात. दोन क्रमांक गाळले की तीन ब्लॉक पाचचे आणि दोन चारचे उरतात. मात्र गाळायचे दोन्ही क्रमांक पाचाच्या एकाच गटातले हवेत, उदाहरणार्थ शेवटच्या पाचांतले, कारण त्या गटातला एकेकच वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये जातो. वेगवेगळ्या गटांतले गाळले तर एखाद्या पुनरावृत्तीत दोन्ही एकाच ब्लॉकमधून जाऊन तो तीनचा होऊ शकतो.

नव्या ओळींचं (पैदाशीतल्या, अजून वाण न ठरलेल्या) बियाणं एकाच प्लॉटपुरतं असेल तर डब्ल्यू. टी. फेडरर यांचा १९५६ चा ऑगमेंटेड आराखडा बघा. तुलनेचे वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये, नव्या ओळी एकेकदाच, आणि ब्लॉक कितीही लहानमोठे. तिथे एररचे डीएफ (ब्लॉक − १) × (तुलनेचे वाण − १) असतात. ते १२ च्या खाली जाऊ देऊ नका: चार तुलनेचे वाण असतील तर किमान पाच ब्लॉक.

प्लॉट गेला तर

चारच्या खाचरातला एक प्लॉट गेला तर ते तीनचं झालं, काम चालू. दोनच्या खाचरातला गेला तर उरलेला एकटा प्लॉट ब्लॉकच्या आतल्या तुलनेत काहीच सांगत नाही, म्हणजे नुकसान दोन प्लॉटचं. लहान खाचरांची राखण म्हणूनच जास्त करावी लागते. गेलेल्या जागी अंदाजाचा आकडा भरायची जुनी रीत आता नको, आहेत तेवढ्या ओळींवर तेच सूत्र चालवा. जोडणी पुन्हा तपासा. संतुलन बिघडलेलं असेल, तेव्हा एकच सीडी सगळ्या जोड्यांना लावू नका, प्रत्येक फरकाची स्वतंत्र स्टँडर्ड एरर घ्या.

प्लॉट का गेला हे नोंदवहीच्या शेऱ्यात त्याच दिवशी लिहा. पुराने बांध फुटला असेल तर वाणाचा त्याच्याशी संबंध नाही, ती ओळ गाळून पुढे जाता येतं. पण लवकर पिकणारा वाण आधी तयार होतो आणि रानडुकरं आधी त्यावरच येतात. असे प्लॉट ‘गेले’ म्हणून वगळले तर त्या वाणाचे फक्त वाचलेले प्लॉट हिशेबात राहतात आणि त्या गावात तो वाण प्रत्यक्षात काय देईल याचा आकडा फुगतो. त्यावर सूत्र नाही. किती प्लॉट, कुठल्या वाणाचे, कशाने गेले हे अहवालात सरासऱ्यांच्या कोष्टकाशेजारीच छापा.